देवाचा दगड, गावाचा पुरावा



शहरातल्या हॉटेलच्या भिंतीवर आता तारपा वाजतो. चहाच्या कपावर, साडीच्या पदरावर, सरकारी ऑफिसच्या कंपाउंडवर आपली माणसं, आपले डोंगर, आपले मोर काढलेले दिसतात. पाहुणा आला की त्याला वारली चित्राची फ्रेम भेट देतात. कुणी हरकत घेत नाही, उलट कौतुक होतं. पण तेच चित्र जिच्या भिंतीवर पहिल्यांदा उमटलं ती बाई आपल्या दळीचा किंवा प्लॉटचा दावा घेऊन तालुक्याला गेली, की टेबलामागून एकच प्रश्न येतो : "पुरावा काय?"

आमचं म्हणणं असं आहे की, ज्याला हे लोक कला म्हणून भिंतीवर टांगतात तोच आपला पुरावा आहे. आपला देव, त्याचा खांब, त्याचा दगड, त्याची राई, लग्नाचा चौक, मेलेल्यांचे दगड, हे सगळं एका ठरावीक जागेवर उभं आहे. ती जागा बदलता येत नाही. म्हणून कला आणि जमीन हे दोन वेगळे विषय नाहीत. या अंकात दाव्यांच्या तारखा आणि मोर्चाच्या बातम्या सोडून आम्ही या विषयावर लिहितो आहोत, त्याचं कारण हेच.

दगडावर कोरलेली जमीन

आम्ही हे कोरेगावहून लिहितो आहोत. कोरेगाव म्हणजे सातारा जिल्ह्याचा पूर्वेकडचा, कमी पावसाचा मुलूख. दाट जंगल पश्चिमेला, जावळी, महाबळेश्वर, पाटणच्या डोंगरात. तिकडची कातकरी माणसं वीटभट्टीला आणि ऊसतोडीला खाली उतरतात, काम संपलं की परत वर जातात. इकडच्या उघड्या मुलखात एक गोष्ट मात्र स्पष्ट दिसते, ती म्हणजे देव, दगड आणि जमीन यांचं जुनं नातं. म्हणून सुरुवात इथूनच करू.

सातारा जिल्ह्यात गावोगाव देवळाबाहेर उभे कोरीव दगड दिसतात. त्यांना वीरगळ म्हणतात. वाई तालुक्यात किकली गावी भैरवनाथाच्या देवळाजवळ तर ते एवढे आहेत की लांबून माणसं बघायला येतात. वीरगळ वाचायचा खालून वर. सगळ्यात खाली मेलेला माणूस किंवा लढाई. कित्येक दगडांवर गाई कोरलेल्या असतात, म्हणजे गावची गुरं वाचवताना तो माणूस पडला. त्याच्या वर अप्सरा त्याला घेऊन चालल्या आहेत. त्याच्याही वर तो पिंडीपुढे बसला आहे. शेंड्याला सूर्य आणि चंद्र. बहुतेकांवर एक अक्षरही नाही. कोण होता, कुठल्या जातीचा होता, कळत नाही. गावासाठी मेला एवढं कळतं, आणि गावाने त्याला दगडात ठेवला एवढं कळतं.

खाली कानडी मुलखात अशा मेलेल्या माणसाच्या घरच्यांना जमीन दिल्याचे लेख सापडतात. रक्त सांडलं म्हणून दिलेली जमीन, असं तिचं नावच आहे. म्हणजे दगडात कला होती, भक्ती होती, आणि त्याच दगडाच्या मागे एक शेतही होतं.

दुसरा दगड त्याहून रोखठोक आहे. त्याला गद्धेगाळ म्हणतात. कोकणात हे जास्त मिळतात, घाटावरही मिळतात. शिलाहार आणि यादव राजांच्या काळातले. वर सूर्य-चंद्र, मध्ये कधी लेख, खाली गाढव आणि बाई. चित्र ओंगळ आहे आणि मुद्दाम ओंगळ केलेलं आहे. अर्थ एवढाच, की ही जमीन किंवा हे उत्पन्न अमक्याला दिलेलं आहे, जो कोणी ते मोडील त्याला ही शिवी लागो. अलिबागजवळ अक्षी गावचा दगड शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा मानतात. मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांत त्याची गणती होते. त्याच्यावर देवीसाठी धान्य लावून दिल्याची नोंद आहे आणि खाली तीच गाढवाची शिवी आहे.

ही शिवी बाईच्या अंगावरून दिलेली आहे, ती आम्हाला मान्य नाही. राजाचा हुकूम पाळायला लावण्यासाठी बाईची विटंबना करायची ही रीत तेव्हाही वाईट होती, आजही वाईट आहे. पण त्या दगडाचं काम काय होतं ते लक्षात घ्या. लिहिता-वाचता येणारी माणसं थोडी होती, म्हणून जमिनीचा करार चित्रात कोरून शेताच्या हद्दीवर उभा केला. सूर्य-चंद्र कशाला? तर जोवर हे दोघं आभाळात आहेत तोवर हा करार राहील म्हणून. हजार वर्षांपूर्वीचा सातबारा असा होता. त्याला कुणी तलाठ्याचा शिक्का मागितला नव्हता.

आपल्या देवाजवळही तेच सूर्य-चंद्र

आता डोंगरात या. पालघर, नाशिक, डांगच्या बाजूला वाघदेवाचा लाकडी खांब किंवा दगड असतो. त्याच्यावर वाघ, नाग, आणि पुन्हा सूर्य-चंद्र. वाघबारशीला गुराखी तिथं जमतात, नारळ फोडतात, गुरं सांभाळ म्हणून गाऱ्हाणं घालतात. राजाच्या दगडावरचे सूर्य-चंद्र आणि वाघदेवाच्या खांबावरचे सूर्य-चंद्र यात कुणी कुणाचं पाहून केलं, यावर भांडण्यात आम्हाला रस नाही. दोन्हीकडे माणूस एकच गोष्ट सांगतो आहे : ही जागा ठरलेली आहे, इथं आम्ही आहोत, आणि आम्ही राहणार आहोत.

वाघदेव कुठं असतो? शिवेवर. जिथून गावची चराई संपते आणि पुढचं रान सुरू होतं तिथं. बाहेरून आलेल्या माणसाला तो शेंदूर फासलेला लाकडाचा तुकडा वाटतो. गावातल्या म्हाताऱ्याला विचारा, तो त्या खांबावरून गावाची हद्द बोटाने दाखवील.

वारल्यांचा चौक घ्या. लग्न ठरलं की भिंत शेणामातीने सारवून तिच्यावर गेरू देतात. तांदळाचं पीठ पाण्यात कालवून, बांबूची काडी चावून तिची कुंचली करून सवाशिणी चौक काढतात. चौकात पालघट देवी बसते. बाजूच्या लहान देवचौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या. धवलेरी गाणं म्हणते तेव्हा देवी चौकात येते. ती आल्याशिवाय लग्न लागत नाही. पालघट ही झाडाझुडपाची, वाढीची देवी. कणसरी ही धान्याची देवी. तांदूळ शेतातला, गेरू रानातला, बांबू बेटातला. यातलं दुकानातून आणावं लागणारं काही नव्हतं. उद्या शेत गेलं आणि बेट फारेस्टच्या तारेत गेलं, तर चौकासाठी पीठसुद्धा रेशनच्या तांदळाचं येणार. आलंही आहे कित्येक पाड्यांवर.

मोखाडा, जव्हार, पेठ, त्र्यंबकच्या बाजूचा बोहाडा बघा. तिथं मुखवटा हा देव असतो. गणपती, सारजा, रावण, म्हैसासुर एकेक करून सोंग येतं. कुठलं सोंग कोणी नाचवायचं याचा मान घराण्याकडे असतो. मुखवटा घरात ठेवतात, त्याला दिवा लावतात. तोच मुखवटा मुंबईच्या दिवाणखान्यात टांगला की तो लाकडाचा किंवा कागदाच्या लगद्याचा नमुना होतो. त्याचं रंगरूप बदललेलं नसतं. मान, रात्र आणि पाड्याचं मैदान मागे राहिलेलं असतं.

मोठी कलासुद्धा झोपडीतूनच आली

कुणी म्हणेल, हे झालं तुमचं गावठी काम. खरी भारतीय कला म्हणजे अजिंठा, वेरूळ, मोठी देवळं. तर त्यांनाही उत्तर देऊ.

लोणावळ्याजवळ कार्ल्याची लेणी दोन हजार वर्षांची आहेत. आत जाऊन वर बघा. दगडाच्या छताखाली लाकडाचे वाकवलेले वासे अजून आहेत. दगडात कोरलेल्या गुहेला वाशांची गरज नाही, छत काही पडणार नाही. मग ते का बसवले? कारण त्या कारागिरांच्या मनातलं देवाचं घर हे लाकडाचं, कमानदार छपराचं होतं. दर्शनी कमान, जाळी, सज्जे, सगळं लाकूडकामाची नक्कल आहे. दार एका सुताराने केल्याचा लेखही तिथं आहे. याच लेण्याच्या तोंडाशी एकवीरा आईचं ठाणं आहे आणि कोळी बांधव तिथं पालख्या घेऊन येतात. भिक्षू गेले, राजे गेले. डोंगराची आई आणि तिची माणसं राहिली.

सांचीच्या तोरणावर झाडाची फांदी धरून उभी असलेली बाई आहे. झाडाखालची यक्षीण, पाण्यातला नाग, हे सगळे आधी रानातले देव. त्यांना बौद्धांनी जागा दिली, जैनांनी दिली, ब्राह्मणांनीही दिली. या देशातल्या मोठ्या मोठ्या धर्मांच्या कलेचा पाया खणला तर खाली झाड, नाग, वाघ आणि आई सापडतात. हे आम्ही फुशारकीसाठी सांगत नाही. आपल्या पोरांना शाळेत असं वाटायला लागतं की आपल्याकडे संस्कृती नव्हती, ती कुणीतरी येऊन दिली. त्यांना हे माहीत असायला हवं.

कोरेगावच्या शेजारच्या खटाव तालुक्यात औंध आहे. तिथल्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली म्युझियम उभं केलं. हे पंतांचं घराणं मूळचं कोरेगाव तालुक्यातल्या किन्हईचं. किन्हईच्या डोंगरावर यमाईचं देऊळ आहे आणि औंधलाही यमाई आहे. राजा स्वतः चित्रकार होता, त्याने मनापासून जमवलं आणि लोकांसाठी खुलं केलं, ही चांगलीच गोष्ट. राजा रविवर्म्याची चित्रं तिथं आहेत. हेन्री मूर नावाच्या इंग्रज शिल्पकाराचं दगडी काम आहे, आई आणि मूल. या मूरने मेक्सिकोच्या मूळ रहिवाशांचे जुने दगडी पुतळे बघून आपला हात घडवला होता. जगातले मोठे शिल्पकार असे आपल्यासारख्यांच्या हातून शिकले. मूरचं नाव पाटीवर आहे. मेक्सिकोतल्या त्या पाथरवटाचं नाव जगात कुठंच नाही.

औंधला दोन गोष्टी एका ठिकाणी दिसतात. म्युझियममधली मूर्ती आणि टेकडीवरची यमाई. मूर्तीला तिकीट आहे, यमाईला नवस आहे. मूर्ती कुठंही हलवली तरी चालते. यमाई हलत नाही, तिच्याकडे माणसांना जावं लागतं.

नाव कुणाचं, पैसा कुणाचा

१९७० च्या सुमाराला भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार डहाणूच्या पाड्यांवर हिंडले आणि त्यांनी चौक काढणाऱ्या बायांना कागद आणि रंग दिले. पुढे गंजाडचे जिव्या सोमा मशे कागदावर काढायला लागले. त्यांना १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री मिळाली. जगभर नाव झालं. त्यांच्या हाताचा आम्हाला अभिमान आहे. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळालं, म्हणजे ही कला अमक्या मुलखातल्या अमक्या लोकांची, असं सरकारने कागदावर मान्य केलं.

इथं एक गोष्ट विचारायला हवी. कलेला मुलूख आहे असं सरकार लिहून देतं. मग त्या मुलखातल्या माणसाला त्याच मुलखात पाय ठेवायला जमीन आहे, हे लिहून द्यायला एवढी वर्षं का लागतात?

दुसरी गोष्ट आपल्यातलीच आहे. चौक हे बायांचं काम होतं. बाजार आला तेव्हा बहुतेक नावं पुरुषांची झाली. पैशाचा व्यवहार, मुंबई-दिल्लीची वारी, प्रदर्शन, हे पुरुषांकडे गेलं आणि बाई भिंत सारवायला राहिली. जमिनीच्या दाव्यातही असंच होतं. कायदा म्हणतो, नवराबायको दोघांच्या नावाने पट्टा. तरी फॉर्म भरताना बाईचं नाव राहून जातं. दोन्हीकडची ही खोड आपणच मोडली पाहिजे, यासाठी मोर्चा काढायची गरज नाही.

मध्य प्रदेशातल्या परधान गोंडांची गोष्टही ध्यानात ठेवावी. परधान बाना वाजवून बडा देवाची गाणी गायचे. बडा देव साजाच्या झाडात राहतो, साज म्हणजे आपल्याकडचा ऐन. त्या गाण्यातले देव जनगढसिंह श्याम नावाच्या तरुणाने रंगात उतरवले. भोपाळच्या भारत भवनाने त्याला पुढं आणलं, परदेशात त्याची चित्रं गेली. २००१ साली जपानमधल्या एका म्युझियमसाठी काम करत असताना, घरापासून हजारो मैलांवर, त्याने आपला जीव दिला. वय चाळिशीच्या आत. त्याच्या मनात काय होतं हे आपण सांगू नये. पण एवढं म्हणता येतं, की चित्र पाठवता येतं तसा चित्र काढणारा माणूस पार्सलसारखा पाठवता येत नाही.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप आपली शिकलेली पोरं घेतात. ती म्हणतात, देव-देव करून पोट भरत नाही. चौक विकला तर पैसे मिळतात, मग का विकू नये? आमचं उत्तर : चित्र काढून पोट भरणं यात लाज नाही. ते मजुरीपेक्षा बरं. नाचणारी माणसं, शेत, लग्नाची वरात काढा, विका, नाव घाला, योग्य भाव घ्या. पण लग्नाच्या भिंतीवरची देवी, मान असलेला मुखवटा, शिवेवरचा खांब ही एकट्या घराची मालमत्ता नव्हे. ती गावाची आहे. ती द्यायची की नाही हे गावाने बसून ठरवावं. जुना खांब गेला की चार पैसे येतात आणि हद्दीची खूण जाते, हा हिशोब पोरांनी करून बघावा.

दुसरा आक्षेप शहरातल्या आपल्या पुरोगामी मित्रांचा. ते म्हणतात, चळवळीने देवधर्मात शिरू नये, अंधश्रद्धा वाढेल. त्यांची काळजी आम्हाला कळते. भगताच्या नादाने पोरगं दवाखान्यात नेलं नाही, बाईला डाकीण ठरवलं, अशा गोष्टींशी आपण भांडत आलो आणि भांडत राहू. पण देवराई राखणं आणि डाकीण ठरवणं या दोन गोष्टी एका माळेत ओवू नका. आपला देव झाड तोडू नको म्हणतो. शेंदराचा दगड उघड्यावर ऐनाखाली बसतो आणि कुणाकडे वर्गणी मागत नाही.

खरी काळजी वेगळीच आहे. सह्याद्रीत किती तरी देवराया अशा आहेत जिथं आता सिमेंटचं देऊळ, फरशी, पत्र्याचा मंडप आला आणि त्या जागेसाठी झाडं पडली. देवाचं नावही बदललं. बाहेरून वर्गणी आणणारा माणूस नवी मूर्ती आणतो, जुना तांदळा कोपऱ्यात जातो. मग ट्रस्ट होतो आणि ट्रस्टच्या यादीत पाड्यावरचं एक नाव नसतं. देव मोठा झाल्यासारखा वाटतो आणि जागा हातची जाते. देवळाला पैसे देणाऱ्याला आधी विचारा : राई राहणार का? कारभार कुणाकडे?

कायद्यात काय आहे

आता कामाचं. वनहक्क कायदा २००६ चा, त्याचे नियम २००८ चे, त्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. नियम १३ मध्ये कुठले पुरावे धरायचे याची यादी आहे. त्यात मतदार यादी, रेशनकार्ड, सरकारी कागद आहेत हे बहुतेकांना माहीत असतं. पण त्याच यादीत आणखी काय आहे ते ऐका.

वैयक्तिक दाव्यासाठी : घर, झोपडी, बांध, सपाटीकरण यांसारख्या जमिनीवरच्या खुणा. जुन्या विहिरी, मसणवट आणि पवित्र जागा, म्हणजे देवाची ठिकाणं, यांसारखी जुनेपण दाखवणारी पारंपरिक बांधकामं. वंशावळ. आणि दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांचा जबाब, लेखी करून. जुन्या संस्थानांचे कागदही चालतात.

सामूहिक दाव्यासाठी : देवाची झाडं, देवराया, तळी, नदीकाठच्या जागा, मसणवट, गावाने केलेल्या बांधकामांचे अवशेष, गुरं चारण्याच्या जागा.

म्हणजे वाघदेवाचा खांब कायद्यात आहे. आजोबाच्या नावाचा दगड कायद्यात आहे. एकट्या दगडावर दावा उभा राहत नाही, एकापेक्षा जास्त पुरावे लागतात, हे खरं. पण दगड आणि म्हाताऱ्याचा जबाब असे दोन जोडले की झाले दोन.

नियम असंही सांगतो की उपग्रहाच्या नकाशावर दिसत नाही किंवा दंडाची पावती नाही, एवढ्याच कारणावर दावा फेटाळता येत नाही. वरून घेतलेल्या फोटोत झाडाखालचा देव कसा दिसेल? दावा फेटाळला तर कारण लेखी द्यावं लागतं आणि साठ दिवसांत अपील करता येतं.

आदिवासींसाठी १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा दाखवायचा आहे. गवळी-धनगर आणि इतर पारंपरिक वननिवासींना मात्र त्या तारखेच्या आधीची पंचाहत्तर वर्षं, म्हणजे १९३० पासूनचा वास दाखवावा लागतो. तेव्हाचा कागद वाड्या-वस्त्यांवर कुणाकडे असणार? देवाचं ठाणं आणि पुरलेल्या वाडवडिलांचे दगड असतात. ज्यांना हा पुरावा सगळ्यात जास्त लागणार आहे तेच तो फुटका दगड म्हणून सोडून देतात.

असं कुठं चाललं आहे का, असं विचाराल. ओडिशात नियमगिरी डोंगरावर डोंगरिया कोंध राहतात. डोंगर हाच त्यांचा नियमराजा. त्यांच्या बाया शालीवर त्रिकोण भरतात, ते डोंगर आहेत. तिथं बॉक्साइटची खाण काढायची होती. १८ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की लोकांच्या धार्मिक आणि सांस्कृतिक हक्कांना बाध येतो का हे ग्रामसभांनी ठरवावं. त्या पावसाळ्यात बारा ग्रामसभा झाल्या. बाराच्या बारा ग्रामसभांनी खाण नको म्हणून ठराव केला. त्यांच्याकडे सातबारा नव्हता. डोंगर कुणाचा आणि त्यात कोण राहतो, हे त्यांनी सांगितलं आणि ते कामाला आलं.

आपल्या जिल्ह्यात उलटंही घडलं आहे. कोयना धरणाच्या पाण्याखाली गावं गेली तेव्हा माणसांना लांब लांब नेऊन बसवलं. कुणी टोपलीत घालून देव नेला, कुणाचा देव पाण्यात राहिला. जमिनीची किंमत करताना घर मोजलं, झाड मोजलं. देवाची राई कुठल्याच रकान्यात बसली नाही. तेव्हा कायदा नव्हता. आज आहे, आणि तो वापरला नाही तर दोष आपला.

चार कामं

पुढच्या ग्रामसभेआधी प्रत्येक पाड्याने आणि वाडीने एवढं करावं, अशी आमची विनंती आहे.

एक. म्हातारी माणसं आणि पोरं यांनी मिळून शिवार फिरावं. देवाचं प्रत्येक ठाणं, राई, मसणवट, जुनी विहीर, वीरगळ, उभा दगड नकाशावर मांडावा. नाव आपल्याच बोलीत लिहावं. साहेबाला समजावं म्हणून बदलू नये.

दोन. दगड किंवा खांब जागचा हलवू नये. धुऊन-रंगवून देवळात आणून ठेवला की त्याची साक्ष गेली. तो जिथं आहे तिथंच फोटो काढावा, मागचा डोंगर किंवा झाड फोटोत यावं. ज्या देवाचा फोटो काढायचा नसतो त्याचा काढू नये. जबाबात जागा सांगितली तरी पुरतं.

तीन. वडीलधाऱ्यांचे जबाब आत्ताच लिहून घ्यावेत. कोणता सण कुठं होतो, मान कुणाचा, कुठल्या पिढीपासून, मेलेल्यांना कुठं पुरलं. बायांचे जबाब वेगळे घ्यावेत. चौक आणि गाणी त्यांच्याकडे आहेत आणि बाळंतपणाच्या, माहेरच्या हिशोबाने त्यांना वर्षं नीट सांगता येतात. वनहक्क समितीत एक तृतीयांश बाया असल्याच पाहिजेत, नसतील तर समिती आधी दुरुस्त करा.

चार. हे सगळं ग्रामसभेपुढे वाचून ठराव करावा आणि दाव्याला जोडावा. त्याच ठरावात लिहावं की गावची देवाची वस्तू ग्रामसभेला विचारल्याशिवाय कुणी विकणार नाही आणि राईत पक्कं बांधकाम होणार नाही. ठरावाची पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून हलू नका.

ज्यांचे दावे फेटाळले गेले आहेत त्यांनी आदेशाची प्रत घेऊन यावी. साठ दिवस गेले असतील तरीही यावं, पुन्हा कसा मांडायचा ते बसून बघू. फिरून झालेल्या शिवाराचा नकाशा आमच्याकडे पाठवलात तर पुढच्या अंकात इतर गावांसाठी तो कसा केला ते छापू. देवांची नावं छापायची की नाही, ते तुमची ग्रामसभा सांगेल तसं.

जिंदाबाद!